पूर्व दरवाजा

तारीख २ मार्च १९३०, वार रविवार. जागा नाशिक, पंचवटी. फाल्गुन नुकताच लागला आहे. गोदावरीकडून येणारी हवा अजून गार आहे, पण काळ्या दगडाच्या भिंतीला पाठ टेकवलीत तर ऊन कळतं. ही भिंत काळाराम मंदिराच्या तटाची. पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी रामशेजचा दगड आणून हे देऊळ बांधवलं. तुम्ही नाशिकचे असाल तर लहानपणापासून इथे कितीदा तरी आला असाल. आत जायची घाई असली की भिंतीकडे कोण बघतं? आज बघा. आजचा दिवस भिंतीच्या बाहेर काढायचा आहे.

कपड्यांवरून तुम्ही कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. माणूस ओळखायची इथली रीत वेगळी आहे.

देवळाजवळच्या गल्लीत एका वाड्याच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले आहेत. साठीच्या आसपासचे, खांद्यावर उपरणं, पुढ्यात पानाचं तबक. तुम्ही तहानलेले आहात हे त्यांना न सांगता कळतं. माणूस मायाळू आहे. ते आत वळून हाक मारतात, "अगं, पाणी आण बाहेर." आणि तांब्या बाहेर यायच्या आत तुम्हाला विचारतात, "कोण आपण? आडनाव काय?"

इथून या लेखाचे दोन लेख होतात, आणि त्याला माझा इलाज नाही. तुमचं आडनाव तुम्हाला ठाऊक आहे. ते एका प्रकारचं असेल तर तुम्ही ओट्यावर टेकता, हातात फुलपात्र येतं, बरोबर गुळाचा खडा येतो. दुसऱ्या प्रकारचं असेल तर तुम्ही रस्त्यावरच थांबता, कमरेत वाकता, ओंजळ धरता, आणि पाणी वरून पडतं, तांब्याला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून. पाणी एकाच आडाचं आहे. ज्यांच्या हाती फुलपात्र आलं त्यांना माझी विनंती आहे: ते खाली ठेवा आणि एकदा ओंजळीने पिऊन बघा. पाणी कोपरापर्यंत ओघळतं. पोटात जातं त्याहून जास्त मातीत जातं. आणि वाकलेलं असताना समोरच्याचे फक्त पाय दिसतात.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे पाणी प्यायलं आहे, त्यांना मी काहीच सांगत नाही. त्यांनी फक्त थोडं थांबावं, मिरवणूक निघायची वेळ होत आली आहे.

अस्पृश्य मानलेल्यांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सकाळी मंडपात परिषद झाली. अध्यक्षस्थानी होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय ३८. त्यांच्याबरोबर नाशिकची सगळी जुळवाजुळव करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरीकडच्या आंबे गावचा, पुढे ज्यांना सगळा महाराष्ट्र दादासाहेब म्हणणार आहे. आता मिरवणूक निघाली आहे. आधी बँडचा आवाज येतो, मग धूळ, आणि मग माणसं. चौघाचौघांच्या रांगा. सुमारे पंधरा हजार माणसं, मैलभर लांब ओळ, तिच्यात पाचशेच्या घरात बायका. तुम्ही गोंगाटाची तयारी ठेवली होती, पण तुमच्या अंगावर काटा येतो तो शिस्तीने. खेड्यापाड्यांतून चालत आलेले हे लोक. त्यांना गावात पाटलासमोरून जाताना पायतण काढून हातात घ्यायची सवय लावलेली, आणि इथे ते पाऊल जुळवून रस्त्याच्या मधोमध चालले आहेत. रस्त्याच्या मधोमध चालायची त्यांतल्या कित्येकांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असेल.

मिरवणूक पूर्व दरवाज्याशी येते. दरवाजा बंद आहे. उरलेले दरवाजेही बंद आहेत. समोर पोलीस आणि मॅजिस्ट्रेट उभे. कोणी दारावर हात मारत नाही. ओळ वळते आणि गोदावरीच्या घाटावर जाते, तिथे सभा होते. रात्री अकराच्या सुमारास पुढारी पुन्हा बसतात आणि ठरतं: दारापुढे बसायचं, हात उचलायचा नाही. बीजेची की तीजेची चंद्रकोर केव्हाच मावळली आहे. रामकुंडाच्या पाण्यात फक्त कंदिलांचे उजेड हलताहेत.

दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाज्यांशी जाऊन बसते. १२५ पुरुष, २५ बायका.

तुम्ही परत त्या ओट्याकडे या. गृहस्थ अस्वस्थ आहेत. रात्री झोपलेले नाहीत. त्यांना वाईट माणूस ठरवून मोकळं व्हायची घाई करू नका. तेवढ्याने भागत असतं तर मी तुम्हाला इतक्या लांब आणलंच नसतं. हे गृहस्थ गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घालतात. चैत्रात पाणपोई घालतात. त्यांना स्वराज्य हवं आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्याच विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ती हकीकत ते आवाज खाली आणून सांगतात आणि सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. आगगाडीतला गोऱ्यांसाठी राखलेला डबा आठवला की त्यांचं रक्त उसळतं. "आमच्याच देशात आम्हाला दाराबाहेर उभं करतात," ते म्हणतात. आणखी नऊ दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघतील, तेव्हा हे गृहस्थ वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतील.

तुम्ही देवळाकडे बोट दाखवता. तिथेही माणसं दाराबाहेरच आहेत.

"ते वेगळं," ते म्हणतात.

"वेगळं का?"

"पूर्वापार चालत आलंय."

"पण का?"

ते तुमच्याकडे बघत राहतात. त्यांना राग आलेला नाही. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेलाच नाही. साठ वर्षांत एकदाही नाही. नीतिशास्त्र म्हणून जे काही आहे त्याची सुरुवात मला या क्षणात दिसते: आयुष्यभर सचोटीने वागलेला एक माणूस प्रथमच कारण शोधतो आहे, आणि हाताला काही लागत नाही.

आंबेडकरांना या जागेची नेमकी कल्पना होती. १९१३ ते १९१६ ही वर्षं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तिथे त्यांना तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे शिकायला मिळालं. ड्यूईंनी नीतिविचारात एक फरक केला होता, नियम आणि तत्त्व यांतला. नियम तुम्हाला काय करायचं ते सांगतो. स्वयंपाकाच्या कृतीसारखा, एवढं मीठ, एवढं पाणी. तत्त्व काही करायला सांगत नाही, ते तुमच्या हाती तराजू देतं. नियम पाळणाऱ्याला आपलं बरोबर की चूक हे पारखावं लागत नाही, आणि म्हणून त्या कृतीची जबाबदारीही त्याच्यावर येत नाही. १९३६ साली आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'वरचं आपलं भाषण लिहिलं. लाहोरच्या मंडळाने संमेलनच रद्द केल्यामुळे ते त्यांना करता आलं नाही, आणि त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात हाच फरक त्यांनी धर्माला लावला. नुसत्या नियमांचा धर्म माणसाला आज्ञाधारक करतो, त्याला जबाबदार माणूस होऊ देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ओट्यावरचे गृहस्थ याचं जिवंत उदाहरण आहेत. त्यांच्याजवळ दया भरपूर आहे. तराजू मात्र त्यांच्या हाती कोणी दिलेला नाही.

दयेबद्दल इथे थोडं बोललं पाहिजे, कारण मराठी मनाची ती जुनी पळवाट आहे. देवळाबाहेरच ठेवलेल्या संत चोखोबांची गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. आपण तिथे वाकतो, मग उठून आत जातो. शतकानुशतकं आपण दाराबाहेरच्या माणसाच्या भक्तीचं कौतुक केलं आणि दार तसंच ठेवलं. १९३० साली नाशिकला आलेली माणसं ते कौतुक नाकारायला आली होती.

पूर्व दरवाज्याशी बसलेल्या बायकांजवळ जा. एक म्हातारी आहे, लुगड्याचा पदर कानामागे खोचलेला, शेजारी भाकरीचं फडकं. तिच्याशेजारी टेका. देवाचं दर्शन व्हावं म्हणून इतक्या लांबून चालत आलात का, असं तुम्ही विचारता.

"देव पाह्यला नाही आले, लेकरा," ती म्हणते. "दार कोण लावतं ते पाह्यला आले."

हे वाक्य मी तिच्या तोंडी घातलं आहे, पण त्यातला विचार माझा नाही. चार वर्षांनी, ३ मार्च १९३४ ला, आंबेडकरांनी भाऊराव गायकवाडांना एक पत्र लिहिलं. मंदिरप्रवेशाची चळवळ आपण का सुरू केली हे त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलं. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं, किंवा देवळात गेल्याने ते बरोबरीचे होतील, म्हणून ती नव्हती. आपली स्थिती काय आहे याची त्यांना जाणीव व्हावी आणि त्यांच्यात बळ यावं, म्हणून ती होती. जी गोष्ट आपल्याला मुळात हवीच आहे असं नाही, तिच्यासाठी माणसं महिनोन्महिने उन्हात बसली, कारण ती नाकारणाऱ्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. स्वाभिमान म्हणजे काय हे कोणी मला विचारलं तर मी पुस्तक उघडणार नाही, हा दरवाजा दाखवीन.

महिनाभर दार उघडत नाही. बंद दार सगळ्यांनाच बंद असतं. दुसऱ्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणून आपल्या देवापासून दूर राहायला माणसं तयार झाली, हे बघून मला नेहमी चटका लागतो.

आता ९ एप्रिल. रामाच्या रथाचा दिवस. तडजोड झाली आहे: दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. पंचवटीत पाय ठेवायला जागा नाही. आंबेडकर निवडक स्वयंसेवकांसह ठरल्या जागी उभे आहेत. दोराला हात लागायच्या आत पलीकडचे लोक रथ पळवतात. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाडे, आणि दगड. तुम्ही भिंतीला चिकटता. कद्रेकर नावाचा एक तरुण पोलिसांचं कडं फोडून रथाच्या मागे धावतो आणि रक्तबंबाळ होऊन कोसळतो. आंबेडकरांवर दगड येताहेत, भोवतीचे लोक त्यांच्यावर छत्र्या धरताहेत, तरी त्यांनाही मार लागतो. छत्र्या उन्हासाठी आणलेल्या होत्या.

त्या ओट्यावरचे गृहस्थ दगड मारताना तुम्हाला दिसत नाहीत. त्यांनी आपली खिडकी लावून घेतली आहे. दिवसभरात मला सर्वांत जास्त छळते ती खिडकी. दगड मारणारे थोडे होते. ते नेहमी थोडेच असतात. बंद खिडक्या मोजायला गेलात तर अख्खी गल्ली भरेल.

या सगळ्याची खरी किंमत मात्र नाशिक शहरात मोजलीच गेली नाही. ती खेड्यांत मोजली गेली. सत्याग्रहाला गेलेल्यांच्या गावी रस्ते बंद झाले, दुकानदारांनी मीठ-मिरची द्यायचं नाकारलं, पोरांना शाळेतून हाकललं, माणसांना मार बसला. पत्रकं शहरात निघतात आणि वाणसामान गावात बंद होतं. तरीही तुकड्या येत राहिल्या, वर्षामागून वर्ष. आंबेडकर मधल्या काळात गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, पुणे करार झाला. नाशिकची आघाडी भाऊरावांनी धरून ठेवली.

आणि काही खिडक्या उघडल्याही, हे सांगायलाच हवं. १९३२ साली या सत्याग्रहात वीस वर्षांचा एक तरुण सामील झाला, विष्णू वामन शिरवाडकर. पुढे तो कुसुमाग्रज या नावाने लिहू लागला. त्याचा वाढदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी शाळांमध्ये मुलं त्याच्या कविता म्हणतात. तो वीस वर्षांचा असताना कुठल्या दारापुढे जाऊन उभा राहिला होता हेही मुलांना सांगावं, असं मला फार वाटतं. त्याला आत जायला कोणी अडवलं नसतं. त्याचं आडनाव विचारून दार उघडलंच असतं. तो बाहेरच्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला, कारण आपल्यासाठी उघडणारं दार दुसऱ्यासाठी बंद असेल तर तो आपलाही प्रश्न आहे, हे त्याला कळलं होतं.

दार शेवटपर्यंत उघडलं नाही. पाच वर्षांनी बसणारेच उठले. ते कुठे गेले हे बघायला तुम्हाला याच जिल्ह्यात पूर्वेला जावं लागेल, येवल्याला. तारीख १३ ऑक्टोबर १९३५. पैठणी विणणाऱ्या त्या गावात परिषद भरली आहे आणि आंबेडकर जाहीर करताहेत, की हिंदू म्हणून जन्माला येणं त्यांच्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून ते मरणार नाहीत. मागच्या रांगेत तुम्हाला ती म्हातारी दिसते का, बघा. पाच वर्षांत आणखी वाकली असेल. दार कोण लावतं ते तिने पाहिलं आहे. त्या दारासमोर पुन्हा येऊन बसायचं तिला आता काही कारण उरलेलं नाही. आणखी एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसं धम्मदीक्षा घेतील.

काळाराम आज सर्वांना उघडं आहे. मुंबई प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तिचं कोणत्याही रूपातलं आचरण गुन्हा ठरवलं. तुम्ही आत्ता, या काळात, पूर्व दरवाज्यातून आत जा. आडनाव कोणी विचारत नाही. सभामंडपात गार वाटतं. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले राम, सीता, लक्ष्मण उभे. पाच वर्षांचा तो सगळा संघर्ष ज्या उंबऱ्यावरून झाला तो तुम्ही एका पावलात ओलांडलात, आणि पावलाला ते कळलंही नाही.

आडनाव विचारणं मात्र थांबलेलं नाही. ते देवळाच्या दारातून उठून इतरत्र जाऊन बसलं आहे. फ्लॅट भाड्याने देताना ते विचारलं जातं. नवी सून किंवा जावई शोधताना ते सगळ्यांत आधी विचारलं जातं, आणि विचारणारी माणसं शिकलेली, प्रेमळ, पाणपोया घालणारी असतात. आणि जिथे आडनाव विचारायचीही गरज उरली नाही तिथे पाटी लावलेली आहे.

तुम्ही गोदावरी ओलांडून घरी येता. गंगापूर रोडला असो की इंदिरानगरला, इमारत सात मजली आहे, लिफ्ट दोन आहेत. लिफ्टशेजारी पाटी आहे, छापील, नीट चौकटीत बसवलेली: घरकामासाठी येणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये. ती कोणी लावली हे तुम्ही कधी विचारलेलं नाही. ती लावायला कोणत्या सभेत कोणी हात वर केला होता, हे सोसायटीच्या वहीत शोधलंत तरी बहुधा सापडणार नाही. तुमच्याकडे सकाळी भांडी-लादीला येणाऱ्या मावशी गेली सहा वर्षं ती पाटी पाळताहेत. दिवाळीला तुम्ही त्यांना साडी घेता, त्यांच्या नातवाची फी भरता. त्यांचा उजवा गुडघा दुखतो हे तुम्हाला माहीत आहे. औषधही तुम्हीच आणून दिलं होतं.

लिफ्टचं दार उघडं आहे, आतला दिवा लागलेला. तुम्ही एक पाऊल पुढे टाकता आणि थांबता. मग जिन्याकडे वळता.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशी पायरीवर बसल्या आहेत. पिशवी मांडीवर, हात गुडघ्यावर. तुम्हाला बघून त्या घाईने उठायला जातात, तुम्ही हातानेच नको म्हणता. त्या तुमच्याकडे बघतात, मग खाली जिन्याकडे, मग पुन्हा तुमच्याकडे.

"आज तुम्ही जिन्यानं कसे?" त्या विचारतात. "लिफ्ट बंद आहे का?"